सदस्य येतात हो, थांबत नाहीत

जून उजाडला की गावोगावच्या रोटरी क्लबांत एकच धांदल उडते. ३० जूनला वर्ष संपतं आणि मावळत्या प्रेसिडेंटला डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे परिसरातल्या क्लबांच्या गटाच्या, कार्यक्रमात दाखवायला आकडा हवा असतो. मग मेहुणा, भाचा, धंद्यातला भागीदार, विम्याचा एजंट, जो सापडेल त्याच्या शर्टाला सदस्यत्वाची पिन. १ जुलैला नवे प्रेसिडेंट गळ्यात पदाची कॉलर घालतात आणि दिवाळीपर्यंत या नव्यांपैकी निम्मे दिसेनासे होतात. त्यांच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही. त्यांना भिडेपोटी नाही म्हणता आलं नव्हतं, एवढंच.

दुखणं आपल्याच गावाचं नाही. १९०५ साली शिकागोत सुरू झालेली रोटरी कित्येक वर्षं जगभरात १२ लाख सदस्यांच्या आसपास घुटमळते आहे. २०२१-२२ मध्ये कोलकात्याचे शेखर मेहता जागतिक अध्यक्ष होते, तेव्हा ‘ईच वन, ब्रिंग वन’ अशी हाक दिली गेली, उद्दिष्ट १३ लाखांचं होतं. माणसं आली. आकडा आजही बारा लाखांच्या आसपासच आहे. बादलीला भोक असेल तर नळ मोठा सोडून काय होणार? म्हणून माझं सरळ म्हणणं आहे: आकड्यासाठी सदस्य आणण्याची मोहीम वर्षभर थांबवा आणि तीच ताकद नव्या माणसाच्या पहिल्या सहा महिन्यांवर लावा. लायन्स क्लबवाल्यांनाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

आधी पैशाचं बोलू, कारण सोडून जाणारा माणूस ‘वेळ मिळत नाही’ म्हणतो तेव्हा अनेकदा त्याचा अर्थ ‘परवडत नाही’ किंवा ‘पटत नाही’ असा असतो. समजा क्लबाची वर्गणी वर्षाला २०,००० रुपये आहे. त्यातले रोटरी इंटरनॅशनलचे साधारण ८० डॉलर, म्हणजे सात हजारांच्या घरात. हे बिल जुलै आणि जानेवारी असं दोनदा येतं. डिस्ट्रिक्टची वर्गणी आणि रोटरीचं मासिक मिळून दोन हजार धरा. महिन्याला दोन मीटिंग, ताटाला ३५० रुपये, म्हणजे वर्षाची २४ जेवणं आणि ८,४०० रुपये. झाले १७,४००. उरलेल्या २,६०० मध्ये हॉलचं भाडं, बॅनर, पाहुण्यांची स्मृतिचिन्हं आणि बुके. सेवेला किती उरले? शून्य. म्हणून प्रत्येक प्रोजेक्टला पुन्हा पावतीपुस्तक फिरतं. वर पदग्रहणाचं काँट्रिब्युशन, गव्हर्नर व्हिजिटचं, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाच्या भेटीचं, काँट्रिब्युशन, सहलीचं वेगळं. प्रत्येक वेळी ‘फक्त दोन हजार’. त्यात कुणीतरी भर मीटिंगमध्ये नव्या माणसाला रोटरी फाउंडेशनला हजार डॉलर देऊन पॉल हॅरिस फेलो हा मान घ्यायचा आग्रह करतं. ती देणगी ऐच्छिक आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

उपाय अवघड नाही. जेवण वर्गणीतून बाहेर काढा. जो जेवेल त्याने त्या दिवशी पैसे द्यावेत. दोनपैकी एक मीटिंग चहा-पोह्यांवर भागवा. २०१६ मध्ये रोटरीने हजेरीचे आणि मीटिंगचे नियम बरेच सैल केले. महिन्यातून किमान दोनदा भेटायचं, पण ती भेट ऑनलाइनही चालते आणि प्रोजेक्टच्या जागीही. तरी हॉटेलातला पनीर मसाला सोडवत नाही, त्याला काय करणार! दुसरं, वर्षभराच्या सगळ्या जादा खर्चांचा अंदाज एका कागदावर लिहून तो माणसाच्या हातात फॉर्म भरण्याआधी द्या. आणि लोकांकडून प्रोजेक्टसाठी आलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवा. ज्या क्लबांचा नोंदणीकृत ट्रस्ट आहे त्यांना हे सोपं जातं, बाकीच्यांनी निदान दुसरं बँक खातं उघडावं. तिमाहीचा हिशेब ग्रुपवर टाकला तर अर्ध्या कुरबुरी तिथेच संपतात.

आता महिना. जूनमध्ये सदस्य घेणं सगळ्यात वाईट. १ जुलैला जी नावं यादीत, त्यांचं बिल क्लबाच्या माथी. नव्या टीमला तो माणूस ओळखीचा नसतो. आणि जुलैभर त्याला काय दिसतं? पदग्रहण, शाल, श्रीफळ, परिचय, आभार, पुन्हा शाल. सेवा करायला आलेला माणूस टाळ्या वाजवून दमतो. त्यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये त्याला पाहुणा म्हणून बोलवा, तेही आधी प्रोजेक्टवर आणि मग मीटिंगला. शाळेत वह्यावाटप असेल, वृक्षारोपण असेल, तिथे तो दोनदा स्वतःहून आला तर सप्टेंबरच्या शेवटी पिन लावा. आला नाही तर वाईट वाटून घेऊ नका, तुमचं एक बिल वाचलं.

कुणाला बोलवायचं हेही आपण उलटं करतो. प्रत्येक जण आपल्याच गोतावळ्यातला माणूस आणतो, मग ४० जणांत १२ बिल्डर, ९ डॉक्टर आणि उरलेले त्यांचेच साडू. रोटरीत क्लासिफिकेशन म्हणून जी व्यवसायवार यादी असते ती याचसाठी होती. एका संध्याकाळी तीन-चार जणांनी बसून गावातले व्यवसाय लिहून काढा: कृषी सेवा केंद्रवाला, फिजिओथेरपिस्ट, मुख्याध्यापिका, मोबाईल दुरुस्तीवाला, बँक मॅनेजर, शेतकरी उत्पादक कंपनी चालवणारा तरुण. ज्यांच्यासमोर आपल्या यादीत नाव नाही, तिथून सुरुवात करा. जुने रोटरॅक्टवाले, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबातले, कुठे गेले तेही पाहा. त्यांना संघटनेची भाषा येते आणि शिकवायला काही लागत नाही.

बायकांचं तर बोलायलाच नको. १९८९ मध्ये रोटरीने जगभर स्त्रियांना सदस्यत्व खुलं केलं, तरी कितीतरी क्लबांत त्या अजून ‘अ‍ॅन’, म्हणजे सदस्याची बायको, म्हणूनच येतात, हळदीकुंकू आणि पाककला स्पर्धेपुरत्या. गावातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा वकीलबाई सदस्य व्हायला तयार असतात, पण रात्री साडेआठची वेळ, परमिट रूमच्या वरचा हॉल आणि साडेदहाला वाढायला घेतलेलं जेवण हे त्यांनी का सोसायचं? वेळ संध्याकाळी साडेसहा ते साडेसात करा. दुकानदार आणि ओपीडीवाले डॉक्टर कुरकुरतील. त्यांच्यासाठी दुसरी मीटिंग बाजाराच्या सुट्टीच्या वारी सकाळी ठेवा. दोन वेळा आलटून पालटून ठेवल्या की दोन्ही गट निदान महिन्यातून एकदा येतात.

पहिल्या सहा महिन्यांचं खरं काम म्हणजे नव्या माणसाला काम देणं. ‘को-चेअरमन, पब्लिक इमेज’ असं पद देऊ नका, त्याला त्याचा अर्थ कळत नाही आणि तुम्हालाही कळत नसतो. नेमकं काम द्या, ज्याला तारीख आहे आणि जे त्याने केलं नाही तर अडतं. रक्तदान शिबिर हे उत्तम उदाहरण. नोंदणीचं टेबल नव्या माणसाकडे द्या. दात्यांची नावं, रक्तगट, फोन त्याने वहीत उतरवून घ्यायचे. पुरुषांना ९० दिवसांनी आणि स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं, तेव्हा पुढच्या शिबिराआधी त्या सगळ्यांना फोन करायचे तेही त्यानेच. चार महिन्यांत त्याला गावातली ७०-८० माणसं ओळखायला लागतात आणि ‘माझं शिबिर’ हा शब्द त्याच्या तोंडी येतो. असा माणूस सहसा सोडून जात नाही.

ज्याने नव्या माणसाला आणलं त्या स्पॉन्सरचं काम पिन लावून संपत नाही. त्याने सहा महिने नव्या माणसाला घेऊन यायचं, शेजारी बसवायचं, जुन्यांशी ओळखी करून द्यायच्या, दोन गटांतली भांडणं मात्र सांगायची नाहीत. लागोपाठ तीन मीटिंगना तो दिसला नाही तर फोन करायचा. सेक्रेटरीचा ‘कृपया उपस्थित राहावे’ हा मेसेज फोनच्या जागी चालत नाही. फोनवर हजेरीबद्दल एक शब्दही काढू नका. ‘पुढच्या शनिवारी दंत तपासणीला दोन हात कमी पडतायत, येतोस का?’ एवढं विचारा. उत्तरावरून कळतं.

काही गळती नैसर्गिक असते. बँक मॅनेजरची बदली होणार, मुलं पुण्या-मुंबईला गेली की आईवडीलही जाणार. त्यांना नुसता निरोप देऊ नका, नव्या गावातल्या क्लबच्या सेक्रेटरीला त्यांचा नंबर कळवा. आपला एक गेला तरी रोटरीचा जात नाही. जे रागावून जातात त्यांच्याकडे मात्र माजी प्रेसिडेंटपैकी कुणीतरी घरी जाऊन चहा घ्यावा. मनधरणी करायची नाही, फक्त काय खटकलं ते ऐकायचं आणि बोर्ड मीटिंगमध्ये नाव न घेता सांगायचं.

राहिली कागदावरची नावं. मीटिंगला नाहीत, वर्गणी नाही, पण आकडा पडू नये म्हणून प्रेसिडेंट खिशातून त्यांचे पैसे भरतो. १५ डिसेंबरला हजेरीचं रजिस्टर आणि वर्गणीची वही शेजारी शेजारी उघडा. ऑक्टोबरपासून जो दिसला नाही आणि ज्याची बाकी आहे, त्याला एकदा भेटून विचारा. राहायचं नसेल तर राजीनामा घेऊन महिनाअखेरीच्या आत रोटरीच्या ऑनलाइन पोर्टलवरून नाव काढा. २ जानेवारीला काढलंत तर त्या सहामाहीचं बिल तुम्हालाच भरायचंय.