सहाफुटी वाद्य

माझी उंची पाच फूट दोन इंच. पुण्यात हा आकडा फक्त लग्नाच्या बायोडेटात खुपायचा. टेक्सासमध्ये येऊन मी जुनी पेडल स्टील गिटार विकत घेतली आणि तो पुन्हा खुपू लागला.

ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत. चार पायांवर उभी असते. वर दहा तारा, पुढच्या दोन पायांमध्ये जमिनीलगत तीन पेडलं, पोटाखाली गुडघ्यांनी ढकलायचे दांडे. डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या बोटांत नख्या, उजवा पाय आवाजाच्या पेडलवर, डावा सुरांच्या. नाक तेवढं मोकळं. पेडल दाबलं की तार ताणली जाते आणि सूर वाजता वाजताच वर सरकतो. वादक बड आयझॅक्स यांनी गायक वेब पिअर्सच्या 1954 साली गाजलेल्या गाण्यात हे केलं, आणि तेव्हापासून कंट्री संगीतातल्या प्रत्येक प्रेमभंगाला हा हुंदका लागतो.

हुंदका मलाही काढायचा होता. पण स्टूल खाली घेतलं की टाचा टेकत आणि खांदे कानांना लागत. वर घेतलं की हात बरोबर बसत, टाचा अधांतरी.

दुकानदार म्हणाला, "उंच टाचेचे काउबॉय बूट घाला." बायको म्हणाली, "पायाखाली पाट घे." आईने व्हिडिओ कॉलवर ताडासन सुचवलं. वाद्याची उंची कमी करावी, असं एकालाही वाटलं नाही. जो तो मलाच वाढवायला बसलेला.

शेवटी शेजारचे निवृत्त प्लंबर आजोबा पाइप कटर घेऊन आले. करवतीने नळी तिरकी कापली जाते, कटर गोल फिरून सरळ कापतो. चारही पायांतून दोन-दोन इंच गेले. पाय कापणं सोपंच. खरं दुखणं सळ्यांचं. पेडलापासून वरच्या यंत्रणेपर्यंत एकेक सळी जाते. वाद्य दोन इंच खाली आणलं आणि सळ्या तेवढ्याच ठेवल्या, तर पेडलं गालिच्यावर लोळतात, दाबायला जागाच उरत नाही. म्हणजे सळ्याही तेवढ्याच कापा, टोकाला नवे आटे पाडा, प्रत्येक पेडल पुन्हा सुरात आणा. आटे पाडताना आजोबा अशा चेहऱ्याने डाय फिरवत होते, जणू माझी बायपास चालली आहे.

बायकोने कापलेले तुकडे पिशवीत भरले. "राहू दे. मुलगा माझ्या माहेरच्या वळणावर गेला तर परत जोडता येतील."

मी बसलो. टाचा टेकलेल्या, खांदे खांद्यांच्या जागी. पहिली दोन पेडलं एकदम दाबली आणि 'ई'चा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ, अलगद 'ए'वर गेला. मग आजोबांना आग्रह केला, तुम्हीही बसून बघा. सहा फूट चार इंचांचे आजोबा बसले, त्यांनी गुडघे आत घेतले आणि अख्खी गिटार जमिनीवरून उचलली गेली.

"छान झालीय," गिटार मांडीवर तोलत ते म्हणाले. "माझ्या नातवाला अगदी मापात बसेल."

नातू कितवीत आहे, ते मी विचारलं नाही.