आपल्या अभिप्रायास उत्तर: काट्याकडे पाहण्यात गेलेल्या त्या 25 मिनिटांविषयी

सप्रेम नमस्कार.

आमच्या सेवेला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी काल रात्री वाचला आणि आज सकाळी पुन्हा वाचला. आपल्या हवेच्या लाइनवरील प्रेशर रेग्युलेटर (मागून येणारा जास्त दाब कमी करून ठरलेल्या दाबावर ठेवणारे साधन) आम्ही दुरुस्त करून दिल्यानंतर नवव्या दिवशी, सुट्टीच्या रात्री, दाब पुन्हा चढला, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट दोन तास खोळंबली, असे आपण लिहिले आहे, आणि ते खरे आहे. त्या रात्री आपल्या माणसांनी केलेले फोन आमच्याकडे कोणी उचलले नाहीत, हेही खरे आहे. या दोन्हींबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो.

परंतु आपल्या अभिप्रायातील एका वाक्याला उत्तर दिल्यावाचून मला राहवत नाही. आपण लिहिता की, ‘यांचा माणूस 25 मिनिटे नुसता काट्याकडे बघत बसला होता आणि त्या वेळेचेही पैसे लावले.’ आमचे काम चुकले असे आपण म्हणाला असता, तर मी ते मान खाली घालून ऐकून घेतले असते. पण त्या दिवशी आपल्या कारखान्यात जे सर्वांत महत्त्वाचे काम झाले, त्यालाच आपण रिकामे बसणे म्हटले आहे, आणि हे वाक्य वाचून आमच्या दोन जुन्या ग्राहकांनी मला फोन करून खुलासा विचारला. म्हणून त्या 25 मिनिटांत काय चालले होते, ते सविस्तर लिहितो.

रेग्युलेटरमध्ये मुळात तीन गोष्टींचा मेळ असतो: किती दाब हवा ते ठरवणारी स्प्रिंग, पुढच्या बाजूचा दाब जोखणारा डायफ्रॅम, म्हणजे लवचीक पडदा, आणि सीटवर, म्हणजे हवेच्या वाटेच्या बैठकीवर, टेकून ती वाट मिटवणारा प्लग. यंत्रे चालू असताना सीट थोडी खराब असली तरी काही कळत नाही, कारण झिरपून आलेली हवा यंत्रे वापरून टाकतात आणि गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या मापकावर, आपला ठरलेला 2.5 बार (बार हे दाबाचे एकक) नीट दिसत राहतो. दोष उघडा पडतो तो वापर थांबल्यावर. तेव्हा प्लग पूर्ण मिटला नाही, तर मागचा 7 बारचा दाब हळूहळू पुढच्या पाइपात उतरतो आणि काटा वर सरकू लागतो. चांगला रेग्युलेटरही बंद होताना ठरलेल्या दाबाच्या किंचित वर जातो, कारण प्लगला सीटवर घट्ट टेकायला थोडा जास्त जोर लागतो. मात्र एकदा वर गेल्यावर काटा तिथेच थांबला पाहिजे. तो थांबतो की सरकत राहतो, हे समजण्याची सोपी आणि खात्रीची रीत एकच आहे. पुढचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा, कोणालाही त्या लाइनला हात लावू द्यायचा नाही, आणि काट्याकडे पाहत राहायचे.

काटा इतका सावकाश सरकतो की सलग पाहूनही डोळ्याला ते जाणवत नाही. म्हणून आमचे तंत्रज्ञ गेजच्या काचेवर पेनाने बारीक रेघ ओढतात आणि दर पाच मिनिटांनी त्या रेघेशी काटा ताडून पाहतात. ती रेघ कदाचित अजूनही आपल्या गेजवर असेल.

ही चाचणी त्या दिवशी दोनदा झाली. रेग्युलेटर उघडण्यापूर्वी घेतलेल्या पहिल्या चाचणीत काटा दहा मिनिटांत 2.5 बारवरून 3.3 बारवर गेला आणि तरीही चढतच होता. त्यावरूनच दोष सीटमध्ये आहे हे ठरले. उघडल्यावर सीटच्या रबरावर चंद्रकोरीसारखा खड्डा पडलेला दिसला आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढा गंजाचा कण रुतून बसलेला होता. सीट व डायफ्रॅम नवे घातले. स्प्रिंगच्या टोपीवरचे व्हेंटचे छिद्र कोणीतरी पाइपाबरोबर रंगवून बुजवले होते, ते मोकळे केले, कारण ते बंद असले की डायफ्रॅमला मोकळेपणी हलता येत नाही आणि रेग्युलेटर सुस्तावतो. मग सर्व जोडांना साबणाचे पाणी लावून गळती पाहिली आणि थोडी हवा वाहती ठेवून स्प्रिंग दाबणारा स्क्रू सावकाश आवळत दाब खालून वर 2.5 बारवर आणून तो स्क्रू जागेवर धरून ठेवणारा लॉक नट घट्ट केला. त्यानंतर दुपारी 3 वाजून 5 मिनिटांपासून 3 वाजून 30 मिनिटांपर्यंत दुसरी चाचणी झाली. पहिल्याच मिनिटात काटा 2.7 वर गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. ही वेळ व हे आकडे सर्व्हिस रिपोर्टवर आहेत आणि त्याखाली आपल्या शिफ्ट इन्चार्जची सही आहे. ही 25 मिनिटे वाचवून आमचे तंत्रज्ञ तेवढे आधी निघून गेले असते, तर कदाचित आपल्याला काम अधिक चटपटीत वाटले असते, परंतु ती दुरुस्ती झाली आहे असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला उरला नसता.

हे तंत्रज्ञ 18 वर्षे माझ्याकडे आहेत. आपला अभिप्राय त्यांनीही वाचला. ते एक शब्द बोलले नाहीत, फक्त त्या रिपोर्टची आमच्याकडची प्रत काढून माझ्या टेबलावर ठेवून गेले.

आता नवव्या दिवशी दाब पुन्हा का चढला, हा आपला प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या खेपेला उघडले तेव्हा नव्या सीटवरही तसाच गंजाचा कण सापडला. रेग्युलेटरच्या आधी जो स्ट्रेनर, म्हणजे कचरा अडवणारा गाळणा, आहे, त्याच्या आत जाळीच नाही. ती वारंवार तुंबते म्हणून पूर्वी केव्हातरी काढून ठेवली होती, असे आपल्याच फिटरने सांगितले. जाळी तुंबत होती याचा अर्थ ती आपले काम करत होती, आणि तिच्यात अडकणारा जुन्या पाइपातील गंज आता थेट सीटवर येऊन आदळतो. ‘जाळी बसवल्याशिवाय सीट टिकणार नाही’ हे वाक्यही पहिल्याच रिपोर्टवर आहे. मात्र इथे आमची चूक आहे आणि ती मी लपवणार नाही: उत्पादन खोळंबले आहे, जाळी उद्या बसवतो, असे आपल्या माणसांनी सांगितल्यावर आमच्या तंत्रज्ञांनी लाइन चालू करून दिली. तसे करायला नको होते.

दुसऱ्या दिवशीच्या दोन तासांबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. आमचे तंत्रज्ञ दाब लावून झाल्यावर लॉक नट आणि स्क्रू यांवर मिळून रंगाची एक आडवी खूण करतात. दुसऱ्या खेपेला ती खूण तुटलेली होती आणि स्क्रू अडीच आटे बाहेर आलेला होता. रात्री ज्यांनी तो फिरवला, त्यांचा हेतू चांगलाच होता. दाब चढतो आहे, तर तो कमी करावा, असे कोणालाही वाटेल. परंतु प्लग आणि सीट यांच्यामध्ये कण अडकलेला असताना स्प्रिंग पूर्ण सैल केली, तरी हवा झिरपायची थांबत नाही. उलट, सकाळी यंत्रे सुरू झाल्यावर सैल पडलेल्या स्प्रिंगमुळे दाब 1.6 बारपर्यंत खाली आला आणि यंत्रे चालेनात. ते दोन तास मुख्यतः यामुळे गेले, असे माझे प्रामाणिक मत आहे. आपल्याला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही, परंतु आमच्या नावासमोर ते दोन तास कायमचे लिहिलेले राहणार आहेत, म्हणून लिहावे लागते. दुसऱ्या खेपेची मजुरी आम्ही लावलेली नाही, हे आपल्या अभिप्रायात आले असते तर बरे वाटले असते.

आपण सुचवूनही आम्ही मोठ्या मापाचा रेग्युलेटर बसवला नाही, अशी आपली आणखी एक तक्रार आहे. आपल्या वापराच्या मानाने आहे तोच पुरेसा आहे. त्याहून मोठा घातला, तर त्याचा प्लग सदैव सीटच्या अगदी जवळ राहून थरथरतो, दाब खालीवर होतो आणि सीट लवकर झिजते. मोठा माल विकण्यात आमचाच फायदा होता.

सुट्टीच्या दिवशी फोन उचलला जाईल अशी काही व्यवस्था करण्याचा आमचा विचार सुरू आहे, आणि तंत्रज्ञांनी चाचणी का चालली आहे हे ग्राहकाला आधी समजावून सांगावे, असेही मी त्यांना सांगितले आहे.

आपली परवानगी असेल, तर आपण ठरवाल त्या दिवशी मी स्वतः जाळी घेऊन येतो, ती बसवतो, सीट पुन्हा तपासतो आणि पुढचा व्हॉल्व्ह बंद करून तीच चाचणी आपल्या समोर घेतो. त्या वेळी आपण गेजजवळ उभे राहावे, एवढीच विनंती आहे. तोपर्यंत शेवटची शिफ्ट सुटताना रेग्युलेटरच्या आधीचा व्हॉल्व्ह रोज बंद करावा, आणि रात्री दाब चढलेला दिसलाच, तर स्क्रूला हात न लावता तोच व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करावी, असे आपल्या पहारेकऱ्यांना कृपया आजच सांगून ठेवावे.

आपला नम्र,
संचालक