तोफ डागतात, गोळी झाडतात

मार्च २०२१ मधली मराठी वृत्तपत्रं आठवून पाहा. २५ फेब्रुवारीला मुंबईत कारमायकल रोडवर उभ्या गाडीत जिलेटिनच्या २० कांड्या सापडल्या होत्या. डिटोनेटर जोडलेला नव्हता. म्हणजे स्फोटकं होती, बॉम्ब नव्हता. त्या प्रकरणात पोलीस आयुक्तांची बदली झाली, २० मार्चला त्यांनी मुख्यमंत्र्यांना गृहमंत्र्यांवर आरोप करणारं पत्र लिहिलं, आणि मथळ्यांत शब्द आला: 'लेटरबॉम्ब'. गाडीत नसलेला बॉम्ब शेवटी कागदात सापडला!

मथळ्यांतले टीकास्त्र, हल्लाबोल, निशाणा हे लढाईचे शब्द उपसंपादकांना फार आवडतात असं नाही, ते मापात बसतात. एका कॉलमच्या मथळ्यात ओळीला दोन, फार तर तीन शब्द मावतात. 'धोरणातील त्रुटींवर विरोधी पक्षनेत्यांचे बोट' लावून बघा, ओळ फुटते. 'सरकारवर टीकास्त्र' झटक्यात बसतं, आणि पान छपाईला सोडायला दहा मिनिटं उरलेली असतात.

माझी तक्रार वापराबद्दल नाही, गलथानपणाबद्दल आहे. मराठीत प्रत्येक हत्याराचं क्रियापद ठरलेलं आहे. तोफ डागतात, गोळी झाडतात, बाण सोडतात, तलवार उपसतात, सुरुंग पेरतात किंवा लावतात. अस्त्र फेकायचं असतं, शस्त्र हातात धरायचं. म्हणून टीकास्त्र 'सोडलं' बरोबर, 'उपसलं' चूक. 'बालेकिल्ल्याला सुरुंग' चालतं, किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग लावतच असत. 'मतपेढीला सुरुंग' वाचलं की दरोड्याची बातमी वाटते. आणि 'चाळीस झाडांवर कुऱ्हाड' या मथळ्याखालच्या फोटोत माणसाच्या हातात पेट्रोलवर चालणारी करवत असते.

खरी शस्त्रं आली की चुका महागात पडतात. रिव्हॉल्वरमध्ये गोळ्या फिरत्या चक्रीत असतात, बहुधा सहा, आणि गोळी झाडल्यावर पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, आतच राहते. पिस्तुलाचं मॅगझिन मुठीत असतं आणि दर गोळीला पुंगळी बाहेर उडते. त्यामुळे 'रिव्हॉल्वरमधून तीन गोळ्या, घटनास्थळी तीन पुंगळ्या' अशी कॉपी आली की ती तशीच सोडायची नाही, पोलीस ठाण्याला परत फोन लावायचा. गावठी कट्ट्यात बहुधा एका वेळी एकच काडतूस बसतं. त्यातून 'धडाधड पाच गोळ्या' निघत नाहीत. 'जिवंत गोळी' हीसुद्धा चूकच, जिवंत असतं ते काडतूस. गोळी म्हणजे त्याच्या टोकाचा धातू, ती जिवंतही नसते आणि मेलेलीही नसते. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' अक्षरं असली तर ते पुण्याच्या खडकी कारखान्यात बनलेलं असतं. पंचनाम्यात ही अक्षरं लिहिलेली असतात, बातमीत मात्र गळतात. आणखी एक गंमत: 'देशी बनावटीचं पिस्तूल' म्हटलं की गुन्हा, 'स्वदेशी तोफ' म्हटलं की अभिमान.

कोयत्याइतकी गोची मात्र कशातच नाही. पुण्याच्या पानावर 'कोयता गँग' ही काही एक टोळी नव्हे. कुठल्याही चार पोरांच्या हातात कोयता दिसला की हेच नाव चिकटतं. बीडच्या पानावर कोयता म्हणजे ऊसतोडीला निघालेली नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यामागे. एकटा मजूर असेल तर तो 'अर्धा कोयता'. 'कोयता बंद' म्हणजे संप. दोन्ही बातम्या एकाच डेस्कवर येतात, आणि घाईत 'कोयते रस्त्यावर' असा मथळा पडला की ऊसतोड मजूर गुंड होऊन बसतो.

कायद्यालाही हा फरक कळतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, पण घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. त्यामुळे 'कोयता बाळगला म्हणून गुन्हा' एवढंच लिहून भागत नाही. आर्म्स ॲक्टचं (शस्त्र कायद्याचं) कलम ४ सह २५ लावलंय की महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ सह १३५, की दोन्ही, हे फिर्यादीतून बघून लिहायचं. पात्याची लांबी पंचनाम्यातून घ्यायची. हत्यार जप्त झालेलं नसेल तर 'धारदार शस्त्र' एवढंच. साक्षीदाराला अंधारात दिसलेला कोयता पुढे सत्तूर निघू शकतो.

तिसरा प्रकार आपल्याकडे २०२२ पासून जास्तच नाजूक झालाय: पक्षांची निवडणूक चिन्हं. ऑक्टोबर २०२२ मध्ये शिवसेनेच्या शिंदे गटाला ढाल-तलवार मिळाली, ठाकरे गटाला मशाल, आणि १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. तेव्हापासून 'बाण सुटला', 'मशाल पेटली' या मथळ्यांना नुसती अलंकारिक भाषा म्हणता येत नाही. निवडणुकीच्या दिवसांत ते बातमीचे आहेत की पक्षाच्या पत्रकाचे, हे वाचकाला ओळखता येत नाही. तिथे सरळ 'टीका केली' लिहावं. दोनच शब्द आहेत, एका कॉलममध्येही बसतात.