पणजोबांच्या ताटात तूप होतं तरी किती?

‘आपले पूर्वज ज्वारीची भाकरी, साजूक तूप आणि गूळ खाऊन शंभरी गाठायचे. तेव्हा ना शुगर होती ना बीपी. साखर सोडा, गूळ खा, तूप भरपूर खा, गोळ्या लागणारच नाहीत.’ माण-खटावातल्या आमच्या पाहुण्यांच्या प्रत्येक ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. त्यातली भाकरी सोडली तर बाकी काही टिकत नाही.

आधी शंभरीचं बघू. १९५१च्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान होतं जेमतेम ३२ वर्षं. बालमृत्यू आणि साथींमुळे ते एवढं खाली होतं, हे मान्य. लहानपण निभावलेले काहीजण ऐंशी गाठायचेही, आणि आपल्याला तेवढेच आठवतात. माझ्या आजीची आठातली तीन पोरं पाळण्यातच गेली. त्यांची नावंसुद्धा आता कुणाला सांगता येत नाहीत.

शुगर नव्हती म्हणे. मधुमेहाचं वर्णन चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत आहे. गावात रक्त तपासायची सोय नव्हती, म्हणून ‘लकवा मारला’, ‘छातीत कळ आली’ एवढंच कळायचं.

आणि तूप? आजी सांगायची, म्हशीचं तूप आठवडी बाजारात जायचं, पोरांच्या वाट्याला ताक यायचं. तूप सणाला, पुरणपोळीवर. १९७२च्या दुष्काळात घरची सगळी माणसं खडी फोडायला होती आणि ताटात लाल मिलोची, म्हणजे बाहेरून आणलेल्या ज्वारीची, भाकरी. त्यांच्या सणाचं ताट आपण रोजचं केलं, आणि तेही दिवसभर खुर्चीत बसून. १५ ग्रॅम तुपात सुमारे १३० कॅलरी असतात आणि त्यातली बरीचशी चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड), म्हणजे जास्त खाल्ली तर हृदयाला त्रासाची असते.

सगळ्यात जास्त राग मला गुळाच्या सल्ल्याचा येतो. साखर आणि गूळ, दोन्ही उसाचेच. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात, पण बहुतेक भाग साखरच. रक्तातली शुगर तो तशीच वाढवतो. कराडच्या माझ्या मावशीनं हाच मेसेज वाचून दिवसातून तीनदा गुळाचा चहा सुरू केला आणि गोळ्या परस्पर बंद केल्या. रक्तातल्या शुगरची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c तपासणी) साडेसातवरून दहाच्या पुढं गेली. पायाची जखम महिनाभर भरली नाही. ती जखम रोज मी धुतलीय.

बरं, पूर्वज म्हणजे नेमके कोणते? ठेच्यातली मिरची आणि चटणीतला भुईमूग, दोन्ही पिकं मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज आल्यानंतर इकडं रुजलेली.

जुन्यातलं घ्यायचंच तर हुलग्याचं माडगं घ्या, मटकीची उसळ, तांदुळजा, ताक घ्या. भाकरीही घ्या, पण मोजून; १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात.

मावशीच्या गोळ्या पुन्हा सुरू आहेत, चहा बिनगुळाचा. तुम्ही हा मेसेज शुगर असलेल्या कुणाला पाठवला असेल, तर आज त्यांना फोन करा आणि गोळ्या चालू आहेत का, तेवढं विचारा.