फयान, निसर्ग, तौक्ते आणि जिनिव्हाचं मशीन

‘जिनिव्हाजवळ देवकण शोधणारं २७ किलोमीटरचं मशीन आहे. त्याच्या चुंबकांनी अरबी समुद्र ढवळला म्हणून फयान, निसर्ग, तौक्ते आली. हवामान खातं हे लपवतं, त्याचे इशारे थोतांड. उद्या त्यातून कृष्णविवर निघणार. कणादांना सगळं ठाऊक होतं, म्हणून तिथे नटराज.’

हे गावच्या ग्रुपवर फिरत दापोलीच्या आत्याकडे पोचलं. निसर्ग चक्रीवादळात तिच्या वाडीतल्या पोफळी निम्म्यातून मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले. तिलाच हे पाठवायचं?

आधी तारखा बघा. फयान आलं ११ नोव्हेंबर २००९ला. मशीन सप्टेंबर २००८मध्येच बिघडलं होतं. त्यात प्रोटॉन, म्हणजे अणूच्या आतले कण, पुन्हा फेऱ्या मारू लागले २० नोव्हेंबर २००९ला. निसर्ग ३ जून २०२०चं, तौक्ते मे २०२१चं. हे मशीन चालवणाऱ्या सर्न या संस्थेचं स्वतःचं वेळापत्रक सांगतं, की डिसेंबर २०१८पासून मशीन मोठ्या दुरुस्तीसाठी बंद होतं, नियमित कामाला लागलं ते २०२२मध्ये. तिन्ही वेळा त्यात प्रोटॉन फिरतच नव्हते! वादळाला लागतं तापलेलं पाणी, साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर. मे-जूनमध्ये आपला समुद्र तेवढा तापतोच.

खरं तर ओढाताण उलटी आहे. हे मशीन ज्या बोगद्यात आहे, तिथे आधी जे यंत्र होतं, त्याचा २७ किलोमीटरचा घेर चंद्राच्या ओढीने मिलिमीटरभर कमीजास्त व्हायचा आणि शास्त्रज्ञांना हिशेबात ते धरावं लागायचं. पुनवेला आपल्याकडे उधाण आणतो तोच हा चंद्र.

सगळ्यात घातक ओळ इशाऱ्यांची. निसर्गाच्या वेळी खात्याने आधी सांगितलं म्हणून किनाऱ्यावरची माणसं हलवता आली. उद्या हे वाचून कोणी बंदरावर धोक्याचा बावटा लागलेला असताना होडी बाहेर काढली, तर हा मजकूर लिहिणारा शोधायला जाणार आहे का?

कृष्णविवराचं थोडक्यात. दोन प्रोटॉनांच्या टकरीतली ऊर्जा म्हणजे उडत्या चौदा-एक डासांची. त्याहून जोरकस टकरा अंतराळातून येणारे कण पृथ्वीच्या हवेत अब्जावधी वर्षं करताहेत, तरी पृथ्वी शाबूत आहे.

राहिले कणाद. परमाणूची कल्पना त्यांच्या वैशेषिक दर्शनात आहे, मान्य. पण २०१२मध्ये जाहीर झालेला हिग्ज कण, म्हणजे तो देवकण, त्यात नाही. नटराजाची मूर्ती मात्र सर्नमध्ये खरोखर आहे. भारत सरकारने ती २००४मध्ये भेट दिली.