‘क्वार्ट्ज घ्या आणि निश्चिंत व्हा’ : त्या मेसेजला उत्तर

स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा विषय निघाला की एक मेसेज हमखास पुढे ढकलला जातो. ग्रॅनाइट सच्छिद्र, त्यात जंतू घर करतात, लिंबाने तो खराब होतो, वर किरणोत्सर्गही होतो. क्वार्ट्ज मात्र ९३ टक्के नैसर्गिक, ना डाग ना चटका, आणि पूर्ण सुरक्षित. यातलं थोडं खरं आहे, म्हणून बाकीचं खपून जातं.

आधी ते ९३ टक्के. हा आकडा वजनाचा. क्वार्ट्ज या खनिजाचा चुरा बहुधा पॉलिएस्टर रेझिनमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, कालवायचा, निर्वातात हादरे देत दाबायचा आणि तापवून पक्का करायचा, अशी ही स्लॅब बनते. क्वार्ट्ज रेझिनच्या दुपटीहून जड असतं, त्यामुळे वजनात ७ टक्के भरणारं रेझिन आकारमानात १५ टक्क्यांच्या आसपास जातं. मेसेज त्याबद्दल गप्प आहे, आणि खरी गोम तिथेच आहे.

‘चटका बसत नाही’ हे त्यातलं सर्वांत महागात पडणारं वाक्य. क्वार्ट्जच्या कणांना उष्णतेचं काही वाटत नाही, पण रेझिन साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे बिघडू लागतं. आचेवरून उतरवलेला तवा सहज २०० अंशांच्या वर असतो. तो थेट टेकवला तर पिवळट किंवा पांढुरका गोल उमटतो आणि घासून जात नाही, कारण डाग वर बसलेला नसतो, खालचं रेझिनच करपलेलं असतं. सततच्या कडक उन्हातही ते पिवळं पडतं, म्हणून उघड्यावरच्या ओट्याला क्वार्ट्ज नको. ग्रॅनाइट इथे सरळ उजवा. (सिंकच्या कापाजवळ एकदम चटका बसला तर तोही तडकू शकतो, तव्याखाली काहीतरी ठेवलेलं बरं.)

सच्छिद्रता खरी, पण किती? बांधकामाच्या ग्रॅनाइटसाठीचं अमेरिकी मानक वजनाच्या ०.४ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषू देत नाही. नमुन्याच्या तुकड्यावर पाण्याचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. पुसल्यावर दगड काळपट दिसला तर सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारा लेप, लागेल. जंतूंचं म्हणाल, तर साबणपाण्याने न पुसलेला कुठलाही ओटा घाणच.

लिंबाचा आरोप चुकीच्या दगडावर आहे. आम्लाने झिजतं ते कॅल्साइट, म्हणजे संगमरवर ज्याचा बनतो ते खनिज. त्यावर पॉलिश उडालेला निस्तेज ठसा राहतो आणि सीलरही तो रोखत नाही. ग्रॅनाइट मुख्यतः फेल्डस्पार आणि क्वार्ट्ज या खनिजांचा. लिंबाने त्याचं सहसा काही बिघडत नाही.

किरणोत्सर्ग? ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम अत्यल्प असतं. त्यांच्यापासून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू बनतो, पण घरातल्या रेडॉनचा मुख्य स्रोत घराखालची जमीन. ओट्याचा वाटा सहसा नगण्य.

डागांबाबत मेसेज बरोबर आहे. क्वार्ट्जला सीलर लागत नाही, आणि ज्यांना देखभाल नकोच त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

आता ‘पूर्ण सुरक्षित’. बसवलेल्या ओट्यापासून घरच्यांना धोका नाही, पण कापणाऱ्याचं काय? या स्लॅबमध्ये सिलिका (क्वार्ट्ज हे तिचंच रूप) सहसा ९० टक्क्यांच्या वर असते. ती कोरडी कापली की उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस हा फुप्फुसांचा जीवघेणा आजार होतो. कापणारे तरुण कामगार त्यात गेले आहेत. म्हणूनच ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, कमी असली तरी, म्हणून तोही कोरडा कापू नये. कुठलाही दगड घ्या, सिंक आणि शेगडीची मापं आधीच पक्की करून द्या आणि सगळे काप कारखान्यात, पाणी सोडून करून घ्या.