विमानतळाच्या ट्रेनचं तिकीट नक्की कोणाला डोळ्यासमोर ठेवून ठरवतात?

शहराच्या मध्यापासून विमानतळापर्यंत ट्रेन काढायची ठरली की भाड्याच्या चर्चेत एक वाक्य हमखास येतं, "विमानाचं तिकीट काढू शकतो ना, मग ट्रेनला जरा जास्त द्यायला काय झालं?" आणि मग सगळे माना डोलावतात. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहिते, पोस्ट लांब होणार आहे पण वाचा.

आधी कॅनडातल्या टोरंटोचं उदाहरण घ्या. जून २०१५ मध्ये तिथे शहराच्या मध्यातलं युनियन स्टेशन ते पिअर्सन विमानतळ अशी युनियन-पिअर्सन, म्हणजे यूपी एक्सप्रेस सुरू झाली, २५ मिनिटांत पोचवणारी, दर १५ मिनिटांनी सुटणारी. भाडं ठेवलं एका वेळचं २७.५० डॉलर, तिथलं बस-ट्रेनचं प्रेस्टो कार्ड असेल तर १९. डोळ्यासमोर होता तो कामासाठी फिरणारा आणि बिल कंपनीला लावणारा प्रवासी, आणि असे प्रवासी असून असून किती असणार, गाड्या बऱ्याचशा रिकाम्याच धावायला लागल्या. मग फेब्रुवारी २०१६ मध्ये एका जोडून आलेल्या सुट्टीला प्रवास फुकट ठेवला तर लोकांनी रांगा लावल्या, आणि मार्चमध्ये भाडं थेट १२ डॉलर, कार्डवर ९, म्हणजे निम्म्याहूनही खाली आणलं. काही महिन्यांत प्रवासी दुपटीच्या वर गेले. गाडी तीच, रूळ तेच, स्टेशनंही तीच होती. दिल्लीच्या एअरपोर्ट एक्सप्रेसचंही थोडंफार असंच झालं, २०११ ला सुरू झाली, खासगी कंपनीकडून २०१३ मध्ये दिल्ली मेट्रोकडे आली, आणि २०१४ आणि २०१५ मध्ये दोनदा भाडं उतरवून जास्तीत जास्त ६० रुपयांवर आणलं तेव्हा कुठे गर्दी वाढायला लागली.

आता यातलं गणित काही अवघड नाहीये. ट्रेन रिकामी धावली काय आणि भरून धावली काय, ड्रायव्हरचा पगार, रुळांची देखभाल, सिग्नल, स्टेशनची साफसफाई, सगळा खर्च जवळपास तेवढाच. म्हणजे एक रिकामी सीट भरून काढायला ट्रेनला जवळपास काहीच जास्तीचा खर्च येत नाही, आणि ती सीट रिकामी ठेवून वर "आमचं भाडं प्रीमियम आहे" म्हणणं याला मी तरी नियोजन म्हणणार नाही.

आणि भाडं ठरवणारे एक गोष्ट सारखी विसरतात, ट्रेनचं तिकीट माणशी असतं आणि टॅक्सीचं भाडं गाडीमागे. तिकिटाच्या मशीनसमोर उभं राहून बघा कधी. आईवडील, दोन मुलं, तीन बॅगा, त्यातली एक चाक तुटलेली. वडील स्क्रीनवर एक तिकीट निवडतात, मग दोन, तीन, चार, रक्कम वाढत जाते, आणि ते तसेच थांबून खिशातून मोबाईल काढतात आणि कॅबचं ॲप उघडतात. मागे रांगेतली माणसं चुळबुळ करतायत, आई म्हणते "अहो सोडा, गाडीच करूया, दारात तरी येईल". झालं, चार प्रवासी गेले, रस्त्यावर आणखी एक गाडी आली. इथेच घोडं पेंड खातं. एकट्या माणसाला ट्रेन स्वस्त पडते आणि कुटुंबाला महाग, मग दोघातिघांचं एकत्र तिकीट, मुलांना सूट हे पहिल्या दिवसापासून का नाही ठेवायचं?

पण माझा खरा जीव अडकलाय तो तिथे काम करणाऱ्यांमध्ये. विमानतळ म्हटलं की सगळ्यांना फक्त प्रवासी दिसतात. तिथे सामान चढवणारे, सफाई करणारे, सिक्युरिटीवाले, दुकानातल्या मुली, चेक-इन काउंटरवरचे, असे हजारो लोक रोज जातात, वर्षातून दोनदा नाही, रोज! माझ्या नात्यातली एक मुलगी ग्राउंड स्टाफमध्ये आहे, तिची शिफ्ट पहाटेची असते आणि ती दोन बस बदलून जाते, कारण जी ट्रेन तिला थेट विमानतळाच्या दारात सोडेल तिचं रोजचं भाडं तिच्या पगारात बसतच नाही. आणि पहाटे तर ती ट्रेन सुरूही झालेली नसते, तो वेगळाच विषय. तिकीट लावताना "विमानाने जाणारा श्रीमंत" डोळ्यासमोर ठेवायचा आणि फटका हिला बसणार.

यावर कोणी म्हणेल, मग काय विमानाने फिरणाऱ्यांना सरकारी पैशातून सवलत द्यायची? प्रश्न रास्त आहे, मी उडवून लावत नाही. पण त्याचं उत्तर सगळ्यांना महाग तिकीट हे नाहीये. व्हँकूवरला बघा, विमानतळाला जोडणारी कॅनडा लाईन ही मेट्रो २००९ ला सुरू झाली, तिथे विमानतळावरून शहराकडे निघताना सुटं तिकीट काढलं तर काही डॉलर जास्त लागतात, पण मासिक पासवाल्याला ते लागत नाहीत. म्हणजे कधीमधी येणारा पाहुणा थोडे जास्त देतो आणि रोजचा माणूस सुटतो. इतकं सोपं आहे.

अजून एक, याबद्दल फार कोणी बोलत नाही. विमानतळांची चांगली कमाई पार्किंगमधून होते. ट्रेन स्वस्त झाली आणि भरून गेली तर ती कमाई घटणार, मग ट्रेनच्या भाड्यात विमानतळ चालवणाऱ्यांचा शब्द किती चालतो हे आपण विचारायला नको का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे करार. सिडनीत २००० साली ऑलिम्पिकच्या आधी विमानतळाची लाईन सुरू झाली, स्टेशनं बांधणाऱ्या खासगी कंपनीला प्रत्येक प्रवाशामागे स्टेशनची वेगळी फी घ्यायचा हक्क दिला. नुसती विमानतळाचीच नाही, वाटेतल्या ग्रीन स्क्वेअर आणि मॅस्कॉट या साध्या वस्तीतल्या स्टेशनांवरसुद्धा! तिथे राहणाऱ्यांनी काय घोडं मारलं होतं? २०११ मध्ये सरकारने त्या दोन स्टेशनांवरची फी प्रवाशांसाठी काढली, आणि तिथली गर्दी वाढली, पण कंपनीचा हक्क करारात असल्यामुळे ते पैसे सरकारला स्वतःच्या तिजोरीतून भरावे लागले. विमानतळाच्या स्टेशनांवर ती फी अजून आहे, फक्त रोज जाणाऱ्यांसाठी आठवड्याची कमाल मर्यादा ठेवलीये.

म्हणून जिथे जिथे अशी लाईन होऊ घातलीये तिथल्या लोकांनी सह्या व्हायच्या आधीच विचारलं पाहिजे, भाडं कोण ठरवणार, किती वर्षांसाठी, बस आणि मेट्रोचं कार्ड याच्यात चालणार की वेगळं तिकीट काढायचं, कर्मचाऱ्यांचा पास कितीला, आणि पहिली गाडी पहाटेच्या शिफ्टच्या आधी पोचते का.